कोणता ‘नको’ कोणाचा?

ई-सायकलीच्या माहितीपुस्तिकेचे परीक्षण

नवी ई-सायकल घरी आली की तिच्याबरोबर चार्जर, किल्ली, एक-दोन पाने आणि एक माहितीपुस्तिका मिळते. चार्जर, किल्ली आणि पाने जपून ठेवले जातात. पुस्तिका बहुधा खोक्याबरोबर रद्दीत जाते. परीक्षण लिहायचे ते पुस्तकाचे, असा आपला संकेत आहे. रद्दीत जाणाऱ्या मजकुराकडे कोणी समीक्षकाच्या नजरेने पाहत नाही. पण शाळा सोडल्यानंतर विजेविषयीचा छापील मजकूर बहुतेकांच्या हातात पडतो तो अशा पुस्तिकांतूनच. मिक्सर, पंखा, इन्व्हर्टर आणि आता ई-सायकल. म्हणून विज्ञानाचा मजकूर या नात्याने ही पुस्तिका तपासून पाहायला हवी.

या पुस्तिकांचा साचा एकच असतो. भाषा बहुधा इंग्रजी. आधी सुटे भाग कसे जोडावेत याची चित्रे, मग ‘हे करू नका’ अशी लांबलचक यादी आणि शेवटी दोषसूची. दोषसूचीला तीन स्तंभ : लक्षण, संभाव्य कारण, उपाय. उपायाच्या स्तंभात दोनच वाक्ये पुन्हा पुन्हा येतात, ‘भाग बदला’ आणि ‘विक्रेत्याशी संपर्क साधा’. कोणत्याही एका कंपनीची पुस्तिका येथे डोळ्यांसमोर नाही. परीक्षण या साच्याचे आहे.

परीक्षणासाठी जागा निवडू या पवईची. विहार आणि पवई या दोन तलावांच्या मध्ये आय.आय.टी.चे आवार आहे आणि त्यात सायकली पुष्कळ. आजूबाजूला टेकड्यांवर चढत गेलेल्या वसाहती, समोर जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरची अखंड वाहतूक आणि वर्षातले चार महिने पाऊस. चढ, पाऊस आणि गर्दी या तिन्ही गोष्टी ई-सायकलीची परीक्षा घेतात. पुस्तिकेचीही घेतात.

चढावर बंद, सपाटीवर चालू

सर्वात नेहमीची तक्रार घेऊ. सायकल सपाटीवर नीट चालते. चढ लागला की मोटार मध्येच बंद पडते. उतरून थोडे थांबले की पुन्हा सुरू होते. दोषसूचीत या लक्षणापुढे ‘बॅटरी कमी भारित अथवा जुनी’ असे कारण आणि ‘चार्ज करा अथवा बदला’ असा उपाय असतो. बॅटरी हा ई-सायकलीतला सर्वात महाग भाग, म्हणजे पुस्तिकेचे हे एक वाक्य घरमालकाला हजारो रुपयांना पडते. ते बरोबर आहे का?

गणित करून पाहू. स्वार, सायकल आणि दप्तर मिळून १०० किलो धरा. दर १०० मीटरला ८ मीटर उंची वाढणारा चढ, वेग ताशी १२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३.३ मीटर. फक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारी शक्ती १०० × ९.८ × ०.०८ × ३.३, म्हणजे सुमारे २६० वॅट. त्यातले ६० वॅट पायांनी दिले तर २०० वॅट मोटारीने द्यायचे. हळू फिरताना मोटारीत बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ते जमेस धरले की बॅटरीतून ३६० वॅटच्या आसपास घ्यावे लागतात. ३६ व्होल्टच्या बॅटरीतून हे घ्यायचे तर विद्युतधारा १० अँपिअर.

या बॅटरीत लिथियम-आयन घटांचे १० गट एकसर जोडलेले असतात. पूर्ण भारित असताना प्रत्येक गट ४.२ व्होल्ट, म्हणजे एकूण ४२ व्होल्ट. विभवांतर साधारण ३१ व्होल्टपर्यंत उतरले की घटांची हानी टाळण्यासाठी कंट्रोलर मोटार बंद करतो. आता समजा, स्थिर उभ्या सायकलीत विभवांतर ३७ व्होल्ट आहे. बॅटरी नवी असून तिचा अंतर्गत रोध ०.१५ ओहम असेल तर १० अँपिअरला १.५ व्होल्ट आतच खर्च होतात, बाहेर ३५.५ उरतात आणि सायकल चढ चढते. बॅटरी जुनी होऊन अंतर्गत रोध ०.६ ओहम झाला असेल तर ६ व्होल्ट आत जातात, ३१ उरतात आणि कंट्रोलर मोटार बंद करतो. मोटार थांबली की धारा शून्य, घट शून्य आणि विभवांतर पुन्हा ३७. ‘थोडे थांबले की सुरू होते’ यातले गूढ एवढेच. सपाटीवर धारा ३-४ अँपिअर, म्हणून तेथे काही जाणवत नाही.

इथपर्यंत पुस्तिका बरोबर ठरते. पण रोध बॅटरीतच वाढला असेल असे कशावरून? बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामधल्या प्लगची पिन सैल झाली, तिच्यावर गंज चढला आणि तेथे ०.५ ओहम रोध तयार झाला, तर नव्या बॅटरीचेही १.५ आणि ५ मिळून ६.५ व्होल्ट जातात. लक्षण तेच आणि उपाय मात्र काही रुपयांचा. दोन्हींतला फरक ओळखण्याची खूण ज्यूलच्या नियमात आहे. प्लगमध्ये निर्माण होणारी उष्णता १० × १० × ०.५, म्हणजे ५० वॅट. रेडिओ दुरुस्तीचा साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. तसे दोन आयर्न त्या इवल्याशा प्लगमध्ये बसवल्यासारखे झाले. चढ चढून आल्यावर तो प्लग बाहेरून गरम लागतो, काही दिवसांत त्याचे प्लॅस्टिक तपकिरी पडते, विरघळते. मल्टिमीटर नसला तरी नाक आणि डोळे हे दोष पकडू शकतात.

पुस्तिकेत ही खूण नाही. तिच्यातला आणखी एक दोष म्हणजे ‘बॅटरीचे विभवांतर मोजा’ असे ती कधी सांगते तेव्हा धारा वाहत असताना मोजा, हे सांगत नाही. थकलेली बॅटरी रात्रभर चार्ज केल्यावर सकाळी स्थिर अवस्थेत ४२ व्होल्टच्या जवळपासच दाखवते. त्या आकड्यावर विसंबणारा तिला निर्दोष ठरवील. नळ बंद असताना टाकीचा दाब पाहून नळी तुंबली आहे की नाही हे कळत नाही, तसेच हे. ओहमचा नियम नववीत आणि धारेचा उष्णता-परिणाम दहावीत शिकवला जातो. म्हणजे या दोषाचे निदान करण्याइतके विज्ञान वाचकाजवळ असते. पुस्तिका ते कामाला लावत नाही.

आकडा हे कारण नव्हे

नव्या सायकलींच्या हँडलवर छोटा पडदा असतो. बिघाड झाला की त्यावर एक आकडा उमटतो. आकडा आला की दोष कळला, असे वाटते. पण हे आकडे प्रत्येक बनावटीत वेगळे असतात. एका प्रचलित प्रणालीत २१ म्हणजे वेग-संवेदकाचा दोष. दुसऱ्या एका प्रणालीत २१ म्हणजे विद्युतधारेत बिघाड. शेजाऱ्याच्या अनुभवावरून औषध घेणाऱ्याची जी गत, तीच येथे.

आणि ‘वेग-संवेदकाचा दोष’ असे कळले तरी पुढे काय? पुस्तिका म्हणते, संवेदक बदला. हा संवेदक म्हणजे मागच्या चाकाजवळ फ्रेमवर बसवलेला छोटा डबा. चाकाच्या एका स्पोकवर एक लोहचुंबक अडकवलेले असते. चाकाच्या दर फेरीला ते डब्यासमोरून जाते आणि एक स्पंद मिळतो. स्पंद मोजून वेग ठरतो. लोहचुंबक स्पोकवरून दोन बोटे सरकले तर संवेदक अगदी ठणठणीत असूनही स्पंद मिळत नाही. ते पुन्हा डब्यासमोर, काही मिलिमीटर अंतरावर आणून स्क्रू आवळला की दोष गेला. पैसे शून्य. असे कसे सरकले? बहुतेक वेळा कोणीतरी कॅरिअर, मडगार्ड किंवा स्टँड बसवताना.

जोडसामान बसवताना

येथे पुस्तिकेची सर्वात मोठी उणीव लक्षात येते. जोडसामान एका प्रकरणात आणि दोष दुसऱ्या प्रकरणात असतात. दोघांचा संबंध असल्याची वाचकाला कल्पनाही दिली जात नाही. प्रत्यक्षात अनेक दोष जोडसामान बसवतानाच जन्माला येतात. तीन उदाहरणे पुरेत.

पहिले, पुढची टोपली. ई-सायकलीच्या ब्रेकच्या लिव्हरमध्ये एक बारीक स्विच असतो. ब्रेक दाबला की मोटार बंद व्हावी, हा त्याचा हेतू. हँडलवर टोपली किंवा घंटी बसवताना ब्रेकची केबल वाकली, लिव्हर पूर्ण मागे येईना झाला, तर ब्रेक दाबलेलाच आहे असे कंट्रोलर समजतो. मोटार चालत नाही. पडदा उजळलेला, बॅटरी भरलेली आणि सायकल ढिम्म. मिस्त्री मोटार उघडतो. दोष हँडलवर असतो.

दुसरे, मागचा स्टँड. चाकात मोटार असलेल्या सायकलीत आस फिरत नाही. तो फ्रेमच्या खाचेत घट्ट धरलेला असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. मोटार चाकाला जेवढ्या जोराने पुढे ढकलते तेवढ्याच जोराने आसाला उलट पिळते. न्यूटनचा तिसरा नियम येथे अक्षरशः नटबोल्टात उतरला आहे. पिळाचे मान ३५ न्यूटन-मीटर आणि आसाचा व्यास १२ मिलिमीटर धरला तर आसाच्या प्रत्येक कडेवर सुमारे २,९०० न्यूटन बल येते, म्हणजे जवळजवळ ३०० किलो वजनाइतके. हे बल पेलण्यासाठी नटाखाली दाताचा एक खास वॉशर असतो. स्टँडची पट्टी बसावी म्हणून हा वॉशर काढून ठेवला, तर एखाद्या चढावर आस खाचेत गर्रकन फिरतो आणि त्याच्यातून बाहेर येणारी मोटारीची वायर पिळून तोडतो. पुस्तिकेत चित्र असते, बाण असतो, ‘नट घट्ट आवळा’ असेही असते. तो वॉशर कशासाठी आहे याचे एक वाक्य नसते. कारण माहीत नसलेला भाग माणसाला जादा वाटतो.

तिसरे, दिवा आणि हॉर्न. बाजारात स्कूटरचे १२ व्होल्टचे दिवे स्वस्त मिळतात. १२ व्होल्टला १० वॅट घेणारा दिवा ३६ व्होल्टला जोडला आणि रोध तोच राहिला असे धरले, तर विभवांतर तिप्पट म्हणून शक्ती नऊपट, ९० वॅट. दिवा क्षणात जातो. यावर काही जण दहातल्या तीनच गटांतून तार काढून ‘१२ व्होल्ट’ मिळवतात. दिवा लागतो, पण ते तीन गट बाकीच्या सातांपेक्षा आधी रिकामे होतात. एकसर जोडणीत सर्वात अशक्त गटाने संपूर्ण बॅटरीची मर्यादा ठरते. काही आठवड्यांत सायकल अर्ध्या वाटेवर थांबू लागते आणि दोषसूची सांगते, बॅटरी बदला. योग्य मार्ग म्हणजे ३६ चे १२ करणारा छोटा परिवर्तक वापरणे आणि त्याच्या वाटेत फ्यूज घालणे. ‘अन्य दिवे जोडू नका’ एवढ्या एका ओळीत हे सारे गाडले गेले आहे.

तीन प्रकारचे ‘नको’

आता त्या ‘करू नका’च्या यादीकडे वळू. या परीक्षणाचा मुख्य आक्षेप येथे आहे. बॅटरी उघडू नका. दुसरा चार्जर वापरू नका. वेगमर्यादा काढू नका. बाहेरच्या मिस्त्रीकडून दुरुस्ती करू नका. जोराच्या पावसात वापरू नका. सर्व ओळी एकाच ठशात, एकाच आवाजात. पण त्या एकाच जातीच्या नाहीत.

काही ‘नको’ निसर्गाचे आहेत. दुसऱ्या चार्जरचेच पाहा. ४८ व्होल्टच्या बॅटरीत बहुधा १३ गट असतात आणि तिचा चार्जर ५४.६ व्होल्ट देतो. पुष्कळदा त्याची पिन ३६ व्होल्टच्या चार्जरसारखीच असते. तो चुकून जोडला तर प्रत्येक गटावर ४.२ ऐवजी ५.४६ व्होल्टचा ताण येईल. बॅटरीतले रक्षक-मंडल हे रोखते. ते नादुरुस्त असेल तर मध्ये काहीच उरत नाही. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास, म्हणजे सुमारे १३ लाख ज्यूल ऊर्जा साठलेली असते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरने पेट घेतला. त्या वर्षी देशात अशा आणखी घटना घडल्या आणि डिसेंबर २०२२ पासून विजेच्या वाहनांच्या बॅटऱ्यांचे सुरक्षा-निकष कडक करण्यात आले. बॅटरी न उघडण्याचा आणि योग्य चार्जर वापरण्याचा नियम या आगीतून आलेला आहे.

काही ‘नको’ समाजाचे आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) नुसार, मोटारीची ३० मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असेल आणि ताशी २५ किलोमीटर वेग येताच, किंवा पायडल थांबताच, मोटारीची मदत बंद होत असेल, तर ती सायकल ‘मोटार वाहन’ ठरत नाही. तिला पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक मात्र हवा. पडद्यावरची बटणे दाबून ही मर्यादा उठवली तर निसर्ग लगेच काही म्हणत नाही. पण ती सायकल आता नोंदणी, परवाना आणि विमा लागणारे वाहन झाली. शिवाय वेग २५ वरून ३५ नेला की ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट होते. जोडरस्त्यावरच्या वाहतुकीत हे अंतर कोण देणार?

आणि काही ‘नको’ निव्वळ दुकानाचे आहेत. बाहेरच्या मिस्त्रीने लोहचुंबक सरकवू नये, प्लगची पिन साफ करू नये, ब्रेकचा स्विच तपासू नये, यामागे भौतिकशास्त्राचा कोणताही नियम नाही. हमीपत्राची अट आहे. अट असू शकते, ती मान्यही करता येईल. पण ती अट म्हणून सांगावी.

तिन्ही प्रकार एकत्र कालवल्याचा परिणाम काय होतो? वाचक एक-दोन ‘नको’ मोडून पाहतो. मिस्त्रीकडून ब्रेक नीट करून घेतो, काही बिघडत नाही. मग त्याला वाटते, सगळेच ‘नको’ विक्रेत्याच्या फायद्याचे. त्याच धीटपणे तो भंगारातला चार्जर लावतो. ज्या सूचनेवर घरातल्यांचा जीव अवलंबून आहे तिची पत ज्या सूचनेवर दुकानाचा गल्ला अवलंबून आहे तिच्याबरोबर जाते. कारण न देणारा मजकूर नुसता नीरस नसतो, तो धोक्याचा असतो.

पावसाचे कलम

‘जोराच्या पावसात वापरू नका’ हे कलम पवईत वाचताना हसू येते. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. २६ जुलै २००५ रोजी तर एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. ही सूचना पाळायची तर सायकल चार महिने घरात ठेवावी लागेल.

उपयोगी सूचना वेगळ्या असत्या. प्रत्येक प्लगच्या अलीकडे वायरला खाली झुकणारा एक वळसा द्यावा. पाणी वायरीवरून ओघळत वळशाच्या तळाशी येते आणि तेथूनच गळते, प्लगपर्यंत चढत नाही. घराबाहेरून येणाऱ्या विजेच्या तारेला वायरमन असाच वळसा देतो. प्लगवर टेप गुंडाळताना खालची बाजू मोकळी ठेवावी. चारी बाजूंनी गुंडाळले तर आत शिरलेले पाणी बाहेर येत नाही आणि गंज वाढतो. भिजलेली बॅटरी कोरडी झाल्याशिवाय चार्ज करू नये. तीन वाक्ये, आणि प्रत्येकाला कारण आहे.

दुसरी बाजू

पुस्तिकेच्या बाजूनेही बोलायला हवे. तिचा तपासणीचा क्रम बहुधा चांगला असतो : आधी मुख्य स्विच, मग बॅटरी जागेवर बसली आहे का, मग प्लग. सोप्यापासून अवघडाकडे जाण्याची ही शिस्त आपल्या प्रयोगशाळांतही नेहमी दिसत नाही. उत्पादकाची अडचणही खरी आहे. अर्धवट माहितीवर कोणी बॅटरी उघडली तर दोष त्याच्यावर येतो. पण कारण दडवून हा धोका टळत नाही, हे वर पाहिलेच.

जगाचा कलही बदलतो आहे. युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या बॅटरीविषयक नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून ई-सायकलीसारख्या हलक्या वाहनांची बॅटरी, आणि तिच्यातले सुटे घटही, स्वतंत्र व्यावसायिकाला काढून बदलता आले पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. हक्क कायद्याने मिळेल. तो वापरण्याची समज शाळेतून यावी लागेल.

शाळेत काय करता येईल

महाराष्ट्रात या विचाराला परंपरा आहे. मुंबईतल्या हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता विज्ञान शिकावे, हे तेथील शिक्षणाचे सूत्र. त्यातूनच ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम अनेक शाळांत गेला. त्याच वाटेवरचा एक छोटा उपक्रम सुचवावासा वाटतो.

कोणत्याही ई-सायकलीच्या पुस्तिकेतली दोषसूची फळ्यावर उतरवा. तिच्या तीन स्तंभांना आणखी दोन जोडा : ‘असे का होते?’ आणि ‘भाग न बदलता कसे पडताळावे?’ प्रत्येक गट एक ओळ घेईल. मग ‘करू नका’ची यादी घेऊन प्रत्येक ओळीपुढे निसर्ग, समाज किंवा दुकान यांपैकी एक शब्द लिहायला सांगा. वाद होतील, व्हायला हवेत. पावसाचे कलम कोणाचे, यावर अर्धा तास सहज जाईल.

प्रत्यक्ष सायकल हाताळताना दोन बंधने पाळा. बॅटरीची पेटी उघडायची नाही. आणि प्लगजवळ काम करताना अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवायचे. ४२ व्होल्टचा धक्का सहसा जाणवणार नाही, पण दोन पिनांमध्ये अंगठी अडकली तर तिच्यातून शेकडो अँपिअर वाहू शकतात आणि ती बोटावरच तापून लाल होईल. मुलांना ही बंधने सांगताना कारणासकट सांगा आणि त्यांपुढे ‘निसर्ग’ हा शब्द त्यांनाच लिहू द्या.

असा तक्ता आपल्या वर्गात तयार झाला तर त्याचा पाचवा स्तंभ जवळच्या सायकलवाल्यालाही दाखवा. त्यात तो भर घालील, आणि दोन-चार ठिकाणी दुरुस्तीही सुचवील.